शुनकडून आलेला एप्रन

११ नोव्हेंबर, सोमवार

राग लिहून काढला की उतरतो, असं माकी म्हणते. माकी माझी मैत्रीण असली तरी तिचं सगळंच खरं नसतं. पण करून बघायला काय जातंय. घरात आई आणि मी दोघीच, पण बोलायची सोय नाही. आमचं माशांच्या वड्यांचं दुकान, मागे घर. आई वड्या थापता थापता माझं सगळं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "तुझंच काहीतरी चुकलं असेल."

तर आजचं. शाळेत दुपारचं जेवण आम्हीच वाढतो. अर्धा वर्ग एक आठवडा, उरलेला अर्धा दुसरा आठवडा. वाढप्यांचे पांढरे एप्रन शाळेचे, नंबर घातलेले. शुक्रवारी आपला एप्रन घरी न्यायचा, धुवायचा, इस्त्री करायची आणि सोमवारी पुढच्याच्या हातात द्यायचा. सात नंबरचा एप्रन एक आठवडा माझा, एक आठवडा ताकेझावा शुनपेईचा. त्याची आई, साचिए काकू, अशी इस्त्री करतात की घडी मोडायचं जिवावर येतं. कपड्याला त्यांच्या घरचा वास असतो. डोळे बांधले तरी मी तो वास ओळखीन. ओळखणारच, लहानपणी निम्मी जेवणं त्यांच्याकडेच झाली आहेत.

आज त्यानं मला दिला तो बोळा. कुबट, दमट, जुन्या टॉवेलसारखा. मी सगळ्यांसमोर विचारलं, हे काय आहे? तर म्हणतो, "पाऊस होता."

पाऊस होता! आमच्या या किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस नाहीतर बर्फ असतोच. बाकीच्यांचे कपडे काय वाळवंटात वाळतात? मी जेवण समितीची प्रमुख आहे, मला हे चालणार नाही, असं त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

आणखी एक. टेकडीवरच्या हायस्कूलची परीक्षा दोघांनी द्यायची, सकाळची गाडी दोघांनी पकडायची, हे आमचं सहावीतच ठरलंय. कोणती शाळा हवी ते लिहिलेला पसंतीचा कागद सगळ्यांनी आमच्या वर्गाच्या हिगुची बाईंना देऊन टाकला. त्यानं दिलेला नाही. का, तर "बघू." एवढीशी परीक्षा आणि याचं बघू!

राग काही उतरला नाही.


२० नोव्हेंबर, बुधवार

हा त्याचा आठवडा. आज सूप होतं. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा म्हणतात. माझा वाढपी ओळखीचाच, म्हणून तर माझी ही गत. माकीच्या वाटीत काठोकाठ, माझ्या वाटीत तळाला पाणी. आणि सगळ्यांना मशरूम, मला एक तुकडा नाही! हा मुद्दाम डाव फिरवून फिरवून मशरूम बाजूला सारत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. मागे रांग खोळंबली होती तरी.

मला मशरूम आवडत नाहीत, ते बघितलं तरी मळमळतं, हा मुद्दा वेगळा. नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखं वाढायचं. मी त्याला तसं सुनावलं. पोरं हसली. कोणीतरी फळ्यावर छत्री काढून तिच्याखाली शुन आणि चिना अशी आमची नावं लिहिली, म्हणजे जोडी लावून टाकली. पुसायला मीच उठले. तो जागेवर झोपला होता, भर वर्गात, तोंड उघडं टाकून.

म्हणून तर मी त्याला वर्गात आडनावानं हाक मारते. शुन म्हटलं की पोरांना चेव येतो.


२५ नोव्हेंबर, सोमवार

आज एप्रनच्या कॉलरवर इस्त्रीचा तपकिरी डाग. जळका! शिवाय वरचं बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं, आणि ते असं की मागच्या बाजूला दोऱ्याचा हा एवढा गुंता. पांढऱ्या कपड्याला काळा दोरा. साचिए काकूंना झालंय तरी काय? की हल्ली वृद्धाश्रमातल्या त्यांच्या रात्रपाळ्या वाढल्यात?

आठवडाभर मला ही जळकी कॉलर मिरवायची आहे. मी त्याला म्हटलं, तुझ्या आईला सांग, जमत नसेल तर आम्ही धुऊ दोन्ही आठवडे. त्याचा चेहरा एकदम वेगळा झाला. मला वाटलं आता भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "सांगतो."

नेहमी समोरून दणकून उत्तर देणारा मुलगा. हल्ली याच्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारायच्या.


२८ नोव्हेंबर, गुरुवार

माकीनं बातमी आणली. शुनला तिनं स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात पाहिलं, संध्याकाळी, शिळ्या पदार्थांवर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या लावतात त्या वेळेला. हातात पिशवी आणि गुलाबी छत्री. छोटीशी, नाजूक, मुलीची.

"कोणीतरी आहे बाई," माकी म्हणाली.

असू दे की! मला काय करायचंय. म्हणून शाळा सुटली की हा पळतो. म्हणून "काम आहे, काम आहे". म्हणून टेकडीवरच्या शाळेचं "बघू". ती दुसऱ्या शाळेत जाणार असेल. हिच्यासाठी सहावीपासूनचं ठरलेलं मोडायचं.

गुलाबी छत्री धरणाऱ्या मुली मला कधीच आवडल्या नाहीत.


२ डिसेंबर, सोमवार

संबंध तोडले.

बूट बदलायच्या कपाटांपाशी त्याला गाठलं आणि शेवटचं विचारलं, परीक्षेला बसणार की नाही? म्हणाला, "अजून माहीत नाही." मी म्हटलं, कोणामुळे माहीत नाही ते मला माहीत आहे. तो दचकला. "काय माहीत आहे तुला?" असं इतकं घाबरून विचारलं की माझी खात्रीच पटली. मी म्हटलं, आजपासून तुझी-माझी ओळख नाही, रस्त्यात दिसलास तरी हाक मारू नकोस.

"बरं," तो म्हणाला.

बालवाडीपासूनची दोस्ती आणि "बरं"!

एप्रन मात्र द्यावाच लागला, त्याचा आठवडा होता. इस्त्री मी स्वतः केली होती. उगाच केली. चुरगळूनच द्यायला हवा होता.


५ डिसेंबर, गुरुवार

आज मी माझं कर्तव्य केलं.

शाळा सुटण्याआधी वर्गाची सभा होते. आज कोणाचं काय चांगलं झालं, कोणाचं काय चुकलं ते उभं राहून सांगायचं. जेवणात उरलेलं काहीही घरी न्यायचं नाही, हा शाळेचा नियम आहे. कोणाला बाधलं तर जबाबदारी शाळेवर येते. आणि मी गेला आठवडाभर बघतेय, हा उरलेले पाव पिशवीत सारतो. जेवताना दोन-दोनदा मागून घेतो ते निराळंच. खादाडपणाला काही मर्यादा?

तर मी उभी राहिले आणि त्याचं नाव घेतलं. आधी आडनाव, मग नाव, बाई घेतात तसं.

हिगुची बाईंनी त्याला विचारलं. त्यानं पिशवीतून हातरुमाल काढला, त्याची गाठ सोडली. आत दोन पाव. चांगले नीट गुंडाळलेले. सगळा वर्ग हसला. मागून कोणीतरी त्याला "पाववाला" म्हणालं, आणि आता हे नाव शाळा संपेपर्यंत चिकटणार. बाई म्हणाल्या, माफी माग. त्यानं कमरेत वाकून माफी मागितली. पाव उचलून उरलेल्याच्या डब्यात टाकून आला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

माझं बरोबरच होतं. नियम सर्वांना सारखा.

रात्री जेवण गेलं नाही. पोट बिघडलं असावं.


८ डिसेंबर, रविवार

काय लिहू.

आमच्या आळीत सूचनांची पाटी फिरते. एका घरानं वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. आमच्यानंतर ताकेझावांचं घर, वरच्या गल्लीत. पूर्वी ती पाटी न्यायचं काम माझं होतं. हल्ली आईच जायची, "तू अभ्यास कर" म्हणून. मला वाटायचं आईला दया आली माझी. आज ती तापानं पडली होती, म्हणून तिला न सांगता मीच गेले.

दार कोउमेनं उघडलं. शुनची बहीण, पाच वर्षांची. दारामागे गुलाबी छत्री उलटी ठेवलेली, वर सशाचं चित्र. मी तिथेच उभी राहिले.

घरभर दोऱ्या. दोऱ्यांवर मोजे, फ्रॉक, काकांचे बोटीवरचे लोकरी कपडे, खाली रॉकेलची शेगडी. पाण्यानं काचा आंधळ्या झालेल्या. आणि मधे शुन, गुडघ्यांवर बसून सात नंबरच्या एप्रनला इस्त्री करत होता. एका हातानं कॉलर ताणून धरलेली, जीभ दातात. कोउमे शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "दादा, जाळू नको हं, चिनाताई ओरडेल."

मी विचारलं, आई कुठे? कोउमेच बोलली. "आई नागासाकीला आजीकडे गेली. बाबा म्हणतात येईल, दादा काहीच म्हणत नाही. ताई, दादा आता पाव आणत नाही. संपले का शाळेतले पाव?"

शुननं इस्त्री उभी करून ठेवली. "तू यायला नको होतंस," तो म्हणाला. रागानं नाही. दमून.

मी पाटी तिथेच टाकून पळत आले.

मग आईला अंथरुणातून उठवून भांडले. तिला सगळं ठाऊक होतं! साचिए काकू ऑक्टोबरातच गेल्यात, परत यायच्या नाहीत म्हणाल्यात. काका मध्यरात्री बोटीवर जातात, दुपारी येऊन झोपतात. रांधणं, धुणं, बहिणीला बालवाडीतून आणणं, सगळं शुन करतो. आई अधूनमधून डबा द्यायची. मी ओरडले, मला का नाही सांगितलं? मी त्याला भर वर्गात चोर ठरवलं, तू मला का नाही सांगितलंस?

आई म्हणाली, "त्यानंच शपथ घातली होती. म्हणाला, सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत. बाई, डॉक्टर, दुकानदार, सगळे. एक चिनाच आहे जी अजून माझ्यावर ओरडते. काकू, तिला सांगू नका, ती एक तरी तशीच राहू दे."

मी खूप रडले. मला माझी लाज वाटते आहे. आणि त्याचा रागही येतो आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कसं येतं कोण जाणे.


१० डिसेंबर, मंगळवार

सोमवारी त्यानं एप्रन दिला, मी घेतला. कडक इस्त्री. आम्ही बोललो नाही.

माफी मागायची होती, पण कशी मागणार? वर्गासमोर मागितली तर का ते सांगावं लागेल, आणि ते त्याचं गुपित. एकट्यात मागितली तर वर्गात तो पाववालाच राहणार. रात्रभर विचार करून आज मी एक केलं. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या देखत टोपलीतले दोन पाव उचलले आणि माझ्या पिशवीत घातले. माकी म्हणाली, वेड लागलं का? सभेत मी उभी राहिले आणि नाव घेतलं, माझं स्वतःचं. उरलेले पाव मी घरी नेते आहे, मला भूक लागते, पुढेही नेईन, फेकण्यापेक्षा बरं, असं सांगितलं. बाईंनी विचारलं, समितीची प्रमुख असून? मी म्हटलं, मग काढा मला. त्यांनी काढलं. पाव ठेवून घेतले ते वेगळंच. पण वर्गाला आता माझंच हसू येत होतं, त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

मला वाटलं तो खूश होईल. समुद्राच्या भिंतीपाशी त्यानं मला अडवलं. असा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"कोणी सांगितलं होतं तुला? माझी कीव करतेस?"

मी म्हटलं, मी चुकले म्हणून...

"बघ. आवाज बघ तुझा. झालीस तू पण त्यांच्यासारखी."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आवाज ऐकायचाय? मग ऐक. दोन महिने तू मला मूर्ख बनवलंस. तुझ्या आईला निरोप दे म्हणून मी तुला सांगत होते आणि तू "सांगतो" म्हणत होतास. काळ्या दोऱ्यानं बटण शिवणारा गाढव तू, एक पांढरं रीळ मागायला तुझी जीभ झडली होती? आमच्या घरी अख्खा डबा भरून पडलाय! कुबट वास गरम पाण्यात भिजवल्याशिवाय जात नाही हे तुला मी सांगितलं नसतं? तुझी कीव कोण करणार, तुझ्यासारख्या मख्ख, हेकट, तोंड शिवलेल्या माणसाची!

वारा असा होता की अर्धं त्याला ऐकूही गेलं नसेल. तो बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं. मला वाटलं हसतोय. हसत नव्हता.

मी शेजारी बसले. काय बोलायचं असतं ते मला येत नाही.


२३ डिसेंबर, सोमवार

हल्ली कोउमेला बालवाडीतून मी आणते. तो आमच्या दुकानात मागच्या बाजूला अभ्यासाला बसतो. गणितावरून आज दोनदा भांडण. भूमितीत तो माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी इथे लिहिते, तोंडानं मरेपर्यंत कबूल करणार नाही.

आमचा मासेवाला म्हणाला, यंदा मोठा मासा कोणाकडे पाठवायचा का? आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीच्या सासरी वर्षअखेरीला मासा पाठवतात. मी त्याच्या अंगावर असा फडका भिरकावला की त्यानं टोपी सावरत पळ काढला. शुननं मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते.

पसंतीचा कागद त्यानं अजून दिलेला नाही. आता मला कारण माहीत आहे. काकू नवीन वर्षाच्या सुट्टीत येणार आहेत, मुलांचं ठरवायला.


३ जानेवारी, शुक्रवार

साचिए काकू आल्या. माझ्या मनात त्यांना बोलायचं खूप साठलं होतं. त्या दुकानात आल्या, बारीक झालेल्या, हातात नागासाकीच्या केकचा डबा. मी या म्हटलं नाही. डबाही घेतला नाही, आईनं पुढे होऊन घेतला.

त्या म्हणाल्या, "रागव तू. मुलांना टाकून गेले, रागवायलाच हवं. पण चिना, त्या घरात माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं गं. वर्षानुवर्षं. मी भिंतींशी बोलायला लागले तेव्हा घाबरून गेले."

मग ज्यासाठी आल्या होत्या ते बोलल्या. तिकडे घर घेतलंय, नोकरी लागलीय. कोउमेला आताच नेतात. शुनलाही यायला सांगितलंय, तिकडच्या हायस्कूलला. तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. इथला अर्ज भरायची मुदत फेब्रुवारीतली. "तुझं तो ऐकतो. तू म्हण त्याला, जा. त्यानं किती दिवस धुणी धुवायची?"

मी परात घासायला घेतली. काकू चांगल्या नाहीत असं मला ठरवायचं होतं, ते जमलं नाही.

संध्याकाळी गाडी सुटताना कोउमे रडली नाही. शुनला म्हणाली, "दादा, तू उद्या ये."


६ जानेवारी, सोमवार

खूप विचार केला. इथे राहिला तर धुणी, स्वैपाक, मुका बाप. तिकडे आई आहे, बहीण आहे, इस्त्री करायला माणूस आहे. इथे काय आहे? मी. मी म्हणजे काय, चोवीस तास कटकट.

राहा म्हणायचा मला काहीही अधिकार नाही. म्हटलं तर तो राहील, अशी भीती वाटते. नाही राहिला तर, अशीही वाटते.

म्हणून आज त्याला म्हटलं, जा तू. तो म्हणाला, "तुला मी जायला हवंय?" मी हो म्हटलं. "खरंच?" म्हणाला. मी म्हटलं, मला काय फरक पडतो, टेकडीवरच्या शाळेत तुझ्याहून बरी मुलं भेटतील, गाडीत जागा तरी मिळेल.

तो बराच वेळ वही बंद-उघड करत बसला आणि घरी गेला.


२२ जानेवारी, बुधवार

ठरवलंय की इतकं वाईट वागायचं की त्याला जाताना काही वाटू नये. ते मला जमतं, सवय आहे. काल भूमितीची वही त्याच्या अंगावर फेकली. आज तो दुकानात आला तेव्हा मी मागच्या दारानं माकीकडे गेले. त्याच्यापुढे चहा ठेवायला आईला नको म्हटलं, तर आईनं मलाच दटावलं.

तो पण आता चिडून बोलतो. छान. असंच हवं.

आज सुपात मशरूम होते. त्यानं मला वाढले, चांगले चार तुकडे. मी सगळे खाल्ले.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलींनी आपल्या आवडत्या मुलांना चॉकलेटं वाटली. मीही एक आणलं होतं. दिलं नाही. घरी येऊन स्वतः खाल्लं. चांगलं नव्हतं.


१९ फेब्रुवारी, बुधवार

आज अर्जाची मुदत संपली. शुन शाळेत आलाच नाही. बाईंना विचारायचं धाडस झालं नाही. दिवसभर मी कोणाशी नीट बोलले नाही; माकी म्हणाली, तुझ्या चेहऱ्याकडे बघून दूध नासेल.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला तो आला. केसांवर बर्फ. मी म्हटलं, वड्या संपल्या.

"वड्या नकोत. अर्ज दिला."

कुठला, मी विचारलं. हात आपोआप फळी पुसत होते.

"टेकडीवरचा. सकाळी बाबांबरोबर गेलो होतो."

आधी मला इतका आनंद झाला की राग आला. मी म्हटलं, गाढवा, आणि कोउमे? आई? तो म्हणाला, काल फोनवर त्यानं स्वतःच सांगितलं. कोउमे रडली, तोही रडला. सुट्ट्यांमध्ये जाणार आहे. मग खाली बघत म्हणाला, "भात तेवढा बाबाच लावतात, अजून चौघांचा. रोज. उरलेला बोटीवर जाताना गपचूप खातात. परवा मी म्हटलं, बाबा, दोघांचाच लावा ना. तर म्हणाले, हाताला येत नाही. त्यांना टाकून कसा जाऊ?"

मी म्हटलं, म्हणजे बाबांसाठी राहिलास.

"हो."

"फक्त बाबांसाठी?"

निघून गेलं तोंडातून. इतक्या दिवसांचं वाईट वागणं, वही फेकणं, सगळं त्या एका प्रश्नात पाण्यात गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला. थट्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. "आणखी कोणासाठी राहायला हवं होतं?"

"माझ्यासाठी! मला तू आवडतोस. जा म्हटलं ते खोटं होतं, तुझ्या आईनं सांगितलं म्हणून म्हटलं, तुझं भलं व्हावं म्हणून म्हटलं, आणि तू खरंच गेला असतास तर मी तुला जन्मात माफ केलं नसतं."

आत वड्या थापायचा आवाज थांबला.

शुननं केसांवरचा बर्फ पुसला. मग म्हणाला, "हे असं भांडल्यासारखं का सांगतेस?"

मी म्हटलं, मला दुसरं काही येत नाही.

"मग असंच सांगत जा," तो म्हणाला. आणि खूप हळू, कधी न ऐकलेल्या आवाजात, "माझंही तेच आहे. केव्हापासूनचं. पण तू बोलायला कुठे देतेस."

दोघं तसेच उभे होतो, मधे वड्यांची रिकामी परात.

तेवढ्यात आतून आई ओरडली, "शुन, बाबांना घेऊन ये जेवायला. आणि येताना तो चौघांचा भात पण घेऊन ये, बरोबर पुरेल."

तो पळतच गेला, बर्फातून, छत्री न उघडता. मी दारात जाऊन ओरडले की घसरशील, गाढवा, हळू जा.